जिन्यात पुढची

मंगळवार, ४
खिडकी ओढून लावताना पाठीचा मणका दबला. खिडकी शाबूत आहे. डॉक्टर म्हणाले, हाडं पार ठिसूळ झालीत. नवरा म्हणाला, "वयोमानाने व्हायचंच." जणू स्वतः पोलादाचा! आणि बसल्या जागेवरून चहा मागितला.

मंगळवार, ११
दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी बळेच त्यांच्या मंडळात बसवलं. दर मंगळवारी, दुसऱ्या मजल्यावर. मला धरून सहा जणी, सगळ्या ठिसूळ. टेकल्याबरोबर हाडांच्या तपासणीचे आकडे सांगायचे, जितके वजा तितकी हाडं ठिसूळ — शाळेत मार्क सांगावेत तसे! "वजा साडेतीन." "माझे वजा चार!" चारवाली निवृत्त मास्तरीण पहिली आली. टाळ्यासुद्धा झाल्या. मी तिसरी. चक्क वाईट वाटलं.

लिफ्ट बंद. उतरताना मास्तरणीचा नियम — जोडीने उतरायचं. मागचीचा एक हात कठड्यावर, दुसरा पुढचीच्या खांद्यावर. "पुढची म्हणजे भिंत. भिंतीने हलायचं नाही, काय?" काचेच्या बरण्यांनी एकमेकींना सावरायचं म्हणे! मला तिच्याच पुढे लावलं. खाली येईपर्यंत हसू दाबलं. मग लक्षात आलं, तेवढा वेळ पाठ विसरले होते.

बुधवार, १२
मास्तरणीचा फोन. "गोळी घेतलीस? खोटं बोलू नकोस, आवाजावरून कळतं मला." घेतली नव्हती. फोन ठेवला आणि घेतली. माहेर सुटल्यापासून असं कुणी दटावलं नव्हतं.

रविवार, १६
आजही फोन. मीच वाट बघत होते, हे तिला सांगणार नाही.

मंगळवार, १८
मास्तरीण पडली. जिन्यातच. मी पुढे होते. तिचा पाय घसरला, मी वळून हात दिला, तो निसटला. सहा पायऱ्या. खुबा मोडला. बाकीच्या मलाच पाणी पाजत होत्या — "तू तरी काय करणार गं!"

शनिवार, २२
दवाखान्यात गेले. मास्तरणीला धाप लागलेली, बोलवत नव्हतं. नुसती बघत राहिली. तिच्या लेकीने बाहेर माझे दोन्ही हात धरले. "आई कालपर्यंत सगळ्यांना सांगत होती, तुम्ही धरायची फार शिकस्त केलीत." हात सोडवून घ्यायला वेळ लागला.

सोमवार, २४
गोळी घेतली नाही. विचारायला कुणी नाही.

मंगळवार, २५
मास्तरीण सकाळी गेली.
मी हात दिलाच नव्हता. खांद्यावर तिचा भार आला, आणि मी बाजूला सरकले. तिला माहीत होतं.