चार दुर्र्या

७ मार्च, शनिवार

चार पत्ते म्हणजे जोड नव्हे म्हणे!

सकाळी तंबूंच्या मैदानावर उतरल्या उतरल्या पोस्टमननी पोरांच्या पिशव्या तपासायला घेतल्या. गटाचे प्रमुख तेच. आठवडाभर टपाल वाटायचं आणि महिन्यातून एकदा दुसऱ्यांची पोरं रानात न्यायची — हौस दांडगी! नियम त्यांचाच: शिबिरात पत्त्यांचा जोड आणायचा नाही. गेल्या वर्षी पत्त्यांवरून हाणामारी होऊन कुणाचा तरी दात पडला होता. (मी तेव्हा इथे असते तर बसवून दिला असता. आयुष्य कवळ्या बनवण्यातच चाललंय माझं.)

पहिल्या पिशवीत चार एक्के. जप्त करणार तोच तो पोरगा शांतपणे म्हणतो, "सर, नियम जोडाचा आहे. हे चारच आहेत." दुसऱ्या पिशवीत चार राजे. तिसऱ्यात चार राण्या. तेरा पोरं, तेरा पिशव्या, प्रत्येकीत चार पत्ते! पोस्टमन आधी लाल झाले, मग हसू आवरेना म्हणून खालीच बसले. "वकील व्हा लेको," म्हणाले आणि सगळं परत दिलं.

तेरावी पिशवी आमच्या चिरंजीवांची. त्यात चार दुर्र्या — मोज्यात.

ज्याच्याकडे जे पत्ते, तेच त्याचं नाव. एक्का हा म्होरक्या. राणी गटातला सगळ्यात आडदांड, त्यामुळे हसायची कुणाची टाप नाही. आणि आमचा दुर्री. "ए दुर्री!" अशी हाक आली की धावत सुटतो. या गावात येऊन चार महिने झाले, चार महिन्यांत तो असा धावलेला मी पाहिला नव्हता. शाळेतून यायचं, जेवायचं, भिंतीकडे तोंड करून पडायचं. मग एक दिवस शाळेत एक्क्याने विचारलं, "आमच्या गटात येतोस?" — आणि पोरगा बदललाच! मी लगेच मदतनीस म्हणून नाव दिलं. पठ्ठ्याने एकच अट घातली. शिबिरात आई म्हणणार नाही, सगळे म्हणतात तसं मावशी म्हणणार. नऊ महिने पोटात वाढवलं आणि मावशी!

८ मार्च, रविवार

खेळाचं नाव ढोल. पत्ते पालथे टाकायचे आणि बेधडक थापा मारायच्या — "दोन राजे!" संशय आला की जमीन बडवून ओरडायचं, "ढोल!" थाप पकडली गेली तर अख्खा ढीग गळ्यात. बावन्न पत्ते, तेरा जण, एक जरी नसला तरी खेळ बंद. संपला की जो तो आपले चार पत्ते मोजून घेऊन जातो. पोस्टमन खूश — "बाई, हजेरी पहिल्यांदाच पूर्ण!"

दुर्री थापा फार छान मारतो. हे कौतुकाने लिहावं का, कळत नाही. लिहिलंच.

११ मार्च, बुधवार

गटाच्या संध्याकाळच्या बैठकीला अठ्ठी आला नाही — ताप. म्हणून खेळ नाही. मग बाकीचे बारा त्याच्या घराखाली जाऊन एका सुरात ओरडले, "अठ्ठी, लवकर बरा हो!" शेजारपाजारचे खिडकीत आले. आमच्याचा आवाज सगळ्यात मोठा होता म्हणे. घसा बसलाय. बसू दे!

१६ मार्च, सोमवार

डोकं फिरलंय.

दवाखान्यात एक आजोबा कवळी लावून बघायला आले होते. दातांचा रंग ठरवायचा म्हणून डॉक्टरांनी मला मागच्या खोलीतून बोलावलं. हाताला मेण तसंच. बोलता बोलता कळलं — हे एक्क्याचे आजोबा! "दुर्री तुमचा होय? बरं झालं बाई आला तो! बाराच जण होते, दुर्र्या घ्यायला कुणी मिळेना. पंधरा दिवस नातू डोकं खात होता माझं — तेरावा पाहिजे, कुणीही चालेल, कुणीही चालेल!"

तोंडात मेणाची कवळी घेऊन माणूस एवढं बोलू शकतो, म्हणजे कवळी उत्तम बसली आहे. तेवढंच समाधान.

कुणीही चालेल! माझं पोर म्हणजे कुणीही!

नवऱ्याला सांगितलं. म्हणतो, "मग काय झालं? बोलावलं ना?" पेपरातून मान वर न काढता. याच्याशी बोलण्यापेक्षा कवळीशी बोलावं.

पोराला सांगितलं नाही. सांगणारही नाही. परवा त्या खिडकीखाली घसा फोडून ओरडत होता तो, ते आठवतं आणि रडू येतं.

४ एप्रिल, शनिवार

ढोल मेला. एका महिन्यात!

नव्या खुळाचं नाव बत्तीशी. आधी वाटलं माझीच टिंगल चालली आहे. पण नाही — बत्तीस पत्त्यांचा खेळ, सत्तीपासून वरचेच घ्यायचे. म्हणजे दुर्री, तिर्री, चौकी, पंजी, छक्की, पाचही जण बाद. ज्याची भीती होती तेच झालं. आता दुर्र्यांचं काम काय? आणि दुर्र्यांचं काम नाही तर दुर्रीचं तरी काय?

दुपारी जेवणं झाल्यावर आठ जण सतरंजीवर डोक्याला डोकं लावून बसले. तिर्री आणि चौकी ओढ्यात दगड मारायला गेले. पंजी आणि छक्की आडवे झाले ते घोरायलाच लागले. आमचा एकटा झाडाखाली, हनुवटी गुडघ्यांवर, खेळणाऱ्यांकडे एकटक बघत. तासभर! मी बटाटे सोलत होते. बोट कापून घेतलं.

"अरे, ये इकडे, कांदे चिर माझ्याबरोबर."

"नको मावशी."

असं वाटलं जाऊन सतरंजीच ओढावी.

५ एप्रिल, रविवार

"मजा आली का रे?" — "आली." खोटारडा! ढोल खेळून तरबेज झालाय.

१५ एप्रिल, बुधवार

पोस्टमन दवाखान्यात टपाल द्यायला आले तेव्हा त्यांना गाठलंच. म्हटलं, एक नियम करा. जो खेळ तेराच्या तेरा जणांना खेळता येत नाही, तो शिबिरात नाही.

"पोरांची खुळं महिन्याभराची असतात बाई. आपोआप जातील."

"महिन्याभरात पोराचं काय होतं ते तुम्हाला काय ठाऊक!" जरा मोठ्यानेच बोलले. खुर्चीवरचा पेशंट दचकला.

पोस्टमननी पार्सल माझ्या हातात दिलं. सही घेतली. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "बरं. करतो नियम."

जिंकले!

२ मे, शनिवार

नियम जाहीर झाला. पोरांनी असा काही गलका केला! एक्का म्हणाला, "सर, हे डोकं कुणाचं?" पोस्टमन आभाळाकडे बघायला लागले. मी पातेलं ढवळायला लागले. पातेल्यात नुसतं पाणी होतं.

पण दुपारी गोल बसला तो तेरा जणांचा. पुन्हा ढोल! दुर्री मधोमध. मला इतकं बरं वाटलं की विचारू नये. एका बाईने ठरवलं तर काय होत नाही!

एकच गोष्ट खटकली. आज त्याने एकही थाप मारली नाही. जे पत्ते होते तेच सांगत गेला, आणि हातात नसले की उगीच काहीतरी पुटपुटून पकडला गेला. सगळ्यात शेवटी आला.

३ मे, रविवार

माझ्याशी अबोला. बसमध्ये पोस्टमनशेजारी जाऊन बसला! नवरा विचारतो, "तू काही केलंस का?"

"मी? छे!"

५ मे, मंगळवार

बोलला शेवटी. मी भांडी घासत होते, तो पुसत होता. एकदम म्हणाला, "नियम तू करायला लावलास ना?"

थाप मारणार होते. पण याच्यासमोर काय टिकणार! म्हटलं, हो. तुला बाहेर बसवलेलं बघवेना मला.

"मला कुणी बाहेर बसवलं नव्हतं. बत्तीशी मीच शिकवली त्यांना."

हातातली ताटली सुटली. फुटली नाही, स्टीलची.

बत्तीशी म्हणजे त्याच्या मामाचा खेळ! जुन्या घरी गच्चीवर खेळायचे दोघं, मला नाव तरी कुठे माहीत. हा म्हणाला, "एक्क्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेरावा पाहिजे म्हणून ये. मला माहीत होतं, आई. मग मी असा खेळ काढला की ज्यात माझे पत्ते लागतच नाहीत. पत्ते लागले नाहीत तरी बोलावतात का, ते बघायचं होतं."

मी विचारलं, "मग? बोलावलं?"

"एकाच शिबिरात कसं कळणार? आणि पुढच्याला तू नियम केलास!"

फडकं ओट्यावर टाकलं आणि गेला. बारा वर्षांचं पोर! मी एक महिना बटाटे सोलत रडत होते आणि हा परीक्षा घेत बसला होता. त्या सगळ्यांची. आणि मी मध्ये जाऊन प्रश्नपत्रिकाच फाडली. लाज वाटली मला माझी. फार लाज वाटली.

६ मे, बुधवार

टपालाची वाट बघत सकाळपासून दवाखान्याच्या पायरीवर. पोस्टमन सायकलवरून उतरायच्या आत म्हटलं, "नियम मागे घ्या."

"घेतला," म्हणाले. "मी कुठे लिहून ठेवला होता?" एक शब्द विचारला नाही. देवमाणूस!

रात्री जेवताना चिरंजीव म्हणाले, "पुढच्या वेळी तू येऊ नकोस."

बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

६ जून, शनिवार

तो शिबिरात, मी घरात. कपाट आवरलं. परत उपसलं. परत आवरलं. नवरा म्हणतो, "फोन करू नकोस हं."

"कोण करतंय!"

(दोनदा केला. पोस्टमन उचलत नाहीत.)

७ जून, रविवार

आला. काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. बुटाची नाडी सोडता सोडता स्वतःच म्हणाला, बत्तीशीच चालली दोन्ही दिवस. एक नवा मुलगा आलाय, चौदावा, कुणाशी बोलत नव्हता. "त्याला माझ्या दुर्र्या देऊन टाकल्या."

"अरे, मग तुला आता काय म्हणून हाक मारतात?"

"नावाने," म्हणाला, आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेला.