कंबरेला खोचलेली कांडी

आक्का, तू काम सोडून गेलीस त्याला लई वर्सं झाली, आणि मला चार ओळी लिहायला अख्खी दुपार जाते. तरी लिहिते. काल भाचीनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. कुणी माणूस डोक्यावर ओढणी घेऊन तुमच्या तांड्याच्या लोकांसारखं मोडकं मराठी बोलतोय, आणि बोलता बोलता दुकानातली वस्तू गुपचूप कंबरेला खोचतोय. घरातले सगळे हसले. ते खोचणं मी चाळीस वर्षांपूर्वी केलेलं होतं.

वडगावच्या त्या मागाच्या शेडमध्ये मी शाळा सोडून आलेली, आणि तू मला सांधणी शिकवत होतीस. मागावरचा जुना ताणा, म्हंजे उभे धागे, संपत आला की नव्याचे हजारो धागे एकेक करून त्याला जोडायचे. तू भिंतीकडं बघत बसायचीस आणि बोटं आपली आपण चालायची. तशी बोटं मी पुन्हा पाहिली न्हाईत. आणि मी काय केलं? जेवणाच्या सुट्टीत तुझी नक्कल. नुसत्या बोलण्याला बायका थोडं हसल्या, म्हणून मी रेशीम गुंडाळलेली एक कांडी चोरल्यागत कंबरेला खोचली. तू असलं कधी केलंच न्हवतंस. पण हशा वाढला. मग मालकानं पाहुण्यांपुढं करायला लावलं, मग गल्लीभर झालं. पुढं एकदा मोजताना कांड्या कमी भरल्या, तेव्हा मालकानं कुणालाच काही विचारलं न्हाय, सरळ तुझं गाठोडं उलटं केलं. भाकरी आणि चटणी निघाली.

मला वाटलं, तू आता उठून जाशील. पण सांधणी अर्धी होती, आणि अर्धी सोडली की ताणा गुंतून वाया जातो. तू परत मागाशी बसलीस, मला जवळ बोलावलंस आणि हळू म्हणालीस, "ती कांडी तूच माझ्या कंबरेला खोचलीस, पोरी. आता धागा धर." संध्याकाळपर्यंत सगळे धागे जोडलेस. दुसऱ्या दिवशी माग चालू झाला, एक गाठ सुटली न्हाय. तू मात्र आली न्हाईस. असा घाव बसल्यावर माणसाचा हात थरथरत कसा न्हाय, हे मला अजून उमगलेलं न्हाय.

काल म्हटलं, बंद कर ते. भाची म्हणाली, "मावशी, गंमत हाय गं." पुण्याच्या पाहुण्यांनी आपलं बोलणं वाकडं करून दाखवलं की हीच घरी येऊन आदळआपट करते. तिला तुझं सगळं सांगायला बसले. कोण होतीस, कशी बोलायचीस. सांगणं जमलं न्हाय, म्हणून आज हा कागद घेतला. हे पत्र कुठल्या तांड्यावर धाडायचं, ते तर मी तुला कधी विचारलंच न्हाय. आणि तुझा खरा आवाज आठवायला गेलं, आक्का, की कानात माझी नक्कलच येते.