पुढच्या हिरवळीवर फरशी घालू नये

मी, मंजिरी कमलाकर सबनीस, निवृत्त शिक्षिका, राहणार स्टॅनमोर, लंडन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पुढच्या मे महिन्याची खात्री मात्र ते देत नाहीत. सॉलिसिटर याचे इंग्रजी करून घेतील. मुलगा पुष्कर याला मराठी वाचता येत नाही. सून कस्तुरीने त्याला हे मोठ्याने वाचून दाखवावे.

१. घर मुलगा पुष्कर याला. अट एकच: पुढची हिरवळ उखडून गाड्यांसाठी फरशी घालायची नाही. घातल्यास घर विकून सर्व रक्कम माझ्या यजमानांची अखेरची शुश्रूषा करणाऱ्या हॉस्पिसला द्यावी.

कारण लिहून ठेवते. अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून यजमानांच्या अस्थींची बरणी (इथे त्यांची पूड करून देतात) मी बागेतल्या शेडमध्ये ठेवली होती. त्या नाशिकला नेण्याचे पुष्करने कबूल केले होते. त्याला रजा मिळेना. स्पेनला जायला मिळाली. मग एका मे महिन्यात मी वेम्बलीला गेले असता त्याने माझ्यावर उपकार म्हणून गवत कापले आणि शेडमधली पांढरी पूड हाडांच्या चुऱ्याचे खत समजून पसरली. मी परतले तेव्हा तो वर पाणी घालत होता.

"आई, मला बोन मील वाटला."

"बरणीवर बाबांचं नाव छापलंय, पुष्कर."

"सॉरी. पण डॅडला लॉन आवडायचा ना?"

आता तोच म्हणतो, "टू कार्स आहेत, आई. बी प्रॅक्टिकल."

२. गवत कापायचे यंत्र आणि कडा कापायची कात्री सून कस्तुरीला. मे महिन्यात पाते एकदम खाली आणू नये, दर कापणीला थोडे उतरवावे. डँडेलायनचे तण मुळासकट हाताने काढावे. शेवाळाचे औषध मारू नये. हिरवळीवर जाताना चपला काढाव्यात.

३. मेडनहेडचे दीर श्रीनिवास यांनी उसना नेलेला, कडेचे गवत छाटायचा स्ट्रिमर त्यांच्याकडेच राहू द्यावा. सख्ख्या भावाच्या अंत्यविधीलाही त्यांनी तो परत आणला नाही.

४. माझ्या अस्थींसाठी कोणी रजा मागू नये. त्या शेडमध्येही ठेवू नयेत. मे महिन्यात गवत कापून झाल्यावर पुष्करने त्या याच हिरवळीवर मूठमूठ पसराव्यात. त्याआधी बरणीवरचे नाव वाचावे.

मंजिरी क. सबनीस
स्टॅनमोर, २७ मे २००६

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
मीनाक्षी ओक, मैत्रीण (साक्षीदाराला काही देता येत नाही, म्हणून रुसली आहे)
शशिधर पै, शेजारी