द्वितीय देखभालकर्त्याच्या संमतीविना सत्र मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सत्र निवड समिती,
लायब्ररी समुदायाचा वार्षिक मेळावा,
समुदाय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : ‘या लायब्ररीला माणूस हवा आहे’ या सत्राचा प्रस्ताव द्वितीय देखभालकर्त्याच्या संमतीविना दाखल करून घेण्याबाबत.

संदर्भ : १) सत्रप्रस्ताव मागविणारे आपले निवेदन.
२) आपल्या कार्यालयाची ‘प्रस्ताव अपूर्ण’ या एकाच मजकुराची पत्रे.
३) अर्जदाराच्या बंधूंना आलेले आपले अभिनंदनपत्र.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून अर्जदार नम्रपणे कळवू इच्छिते की, ‘ज्यांच्याकडे सांगण्यासारखे काही आहे त्या प्रत्येकाने प्रस्ताव पाठवावा, संकोच करू नये’ हे आपले निवेदन वाचून तिने पहिल्याच दिवशी प्रस्ताव पाठवला. अर्जदार व तिचे थोरले बंधू या दोघांनी मिळून वेळापत्रकाची एक छोटी लायब्ररी लिहिली आहे; तिची देखभाल करणाऱ्यांत प्रथम अर्जदार, द्वितीय बंधू. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामरनी आपल्या कामात आयता जोडून घ्यावा असा कोड, हे आपणांस सांगणे म्हणजे आगाऊपणा होईल. पण हा अर्ज आधी आवक खिडकीवर उघडला जातो, म्हणून लिहिले. कोणते काम पुन्हा कधी करायचे, एवढेच आमची लायब्ररी यंत्रांना सांगते. शाळेच्या घंटा, बेकरीच्या भट्ट्या आणि एका डायलिसिस केंद्रातील रुग्णांचे दिवस तिच्यावर चालतात.

२. तातडीचे कारण असे. आमची लायब्ररी जिच्या आधाराने चालते त्या दुसऱ्या एका लायब्ररीने आपली मोजणी बदलली. तेव्हापासून वर्ष पालटले की ‘एक दिवसाआड’ ही गणती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्यामुळे काही रुग्णांना लागोपाठ दोन दिवस बोलावणे जाते आणि काहींना जिथे एक दिवस थांबायचे तिथे दोन दिवस थांबावे लागते. बेकरीत असे झाले तर पाव शिळा होईल. केंद्रात माणसाच्या अंगात पाणी साचते. गेल्या वर्षअखेरीस केंद्रातील तंत्रज्ञ बाईंनी सगळे दिवस हाताने लावून वेळ निभावली. यंदा त्यांनी फोन करून विचारले, “ताई, या खेपेला तरी होईल ना दुरुस्त? मी रजेवर असले तर कोण बघणार?” दुरुस्ती लिहून तयार आहे. ती लायब्ररीत जाऊ शकत नाही, कारण तिलाही द्वितीय देखभालकर्त्याची संमती लागते. आणि नवा देखभालकर्ता फक्त आपल्या मेळाव्यात, रीतसर सत्रात, सभासदांसमोर नेमता येतो. सत्र नाही तर माणूस नाही, माणूस नाही तर दुरुस्ती नाही, असा हा सरळ मामला आहे.

३. संमतीचा हा नियम अर्जदार व तिच्या बंधूंनीच केला, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. एकदा लायब्ररी तासभर मागे पडते आहे असे दोघांच्या एकाच दिवशी लक्षात आले. बंधूंनी आपल्या घरून एक तास पुढे केला, अर्जदाराने आपल्या घरून एक तास पुढे केला, आणि दोघेही मोठे काम उरकल्याच्या समाधानात जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी एका शाळेची शेवटची घंटा तासभर आधी झाली आणि मुले दप्तरे घेऊन पसार झाली. मुख्याध्यापिका बाईंचा फोन बंधूंनी घेतला व अर्जदाराकडे दिला. त्या संध्याकाळी ठरले की, यापुढे दुसऱ्याने हो म्हटल्याशिवाय एक अक्षरही बदलायचे नाही. समुदायाला हा नियम इतका पसंत पडला की त्याने तो उचलून मेळाव्याच्या प्रस्तावांनाही लावला. तेव्हा आम्हां भावंडांची छाती फुगली होती. आता तोच नियम अर्जदाराच्या मानेवर बसला आहे.

४. अर्जदाराचे बंधू गेल्या हिवाळ्यात वारले. हे अर्जदाराने आपल्या कार्यालयास तत्काळ कळवले होते. उत्तर आले की, ‘आपले सहकारी दररोज सक्रिय असल्याचे प्रणालीत दिसते, तरी त्यांच्याशी थेट संपर्क साधावा.’ प्रणालीचे म्हणणे खोटे नाही. बंधूंनी आपल्या खोलीतल्या संगणकावर अशी सोय करून ठेवली होती की, तो रोज सकाळी आपणहून लायब्ररीच्या चाचण्या घेतो आणि त्यांच्या नावाने ‘सर्व ठीक’ असे कळवतो. तो संगणक चालू आहे. त्यामुळे आपल्या दप्तरी अर्जदाराचे बंधू रोज सकाळी उठतात, काम करतात, आणि बहिणीच्या प्रस्तावाला मात्र मुद्दाम उत्तर देत नाहीत.

५. यानंतर जे झाले ते लिहिताना अर्जदाराला हसावे की रडावे ते कळत नाही. आपल्या एका मान्यवर परीक्षकांनी प्रस्तावावर शेरा मारला की, ‘भावंडांनी आपसांतील कुरबुरी घरातच मिटवाव्यात, समुदायाला त्यात ओढू नये.’ अर्जदाराने मृत्यूचा दाखला जोडून पुन्हा पाठवला, तर ‘दाखला वक्त्याच्या परिचयाच्या रकान्यात जोडला आहे, तेथे फक्त छायाचित्र चालते’ म्हणून तो परत आला. पुढे कलह-निवारण उपसमिती बसली. तिने बंधूंना म्हणणे मांडण्यास तीनदा बोलावले आणि ते न आल्याने त्यांचे मौन ही हरकत समजावी असा निर्णय दिला. आणि गेल्या आठवड्यात संदर्भ ३ चे पत्र बंधूंच्या पत्त्यावर आले. एकही दिवस न चुकवल्याबद्दल त्यांना ‘सर्वांत नियमित देखभालकर्ता’ म्हणून मेळाव्यात गौरविण्यात येणार आहे, तरी त्यांनी सहकुटुंब उपस्थित राहावे. ते पत्र वहिनींनी उघडले. महोदय, त्या पाकिटाला अर्जदाराच्या आधी त्यांचा हात लागला, एवढेच अर्जदाराला सहन झालेले नाही. बाकीचे सगळे ती गिळू शकते.

६. आपल्या कार्यालयातील गृहस्थांनी फोनवर दोन उपाय सुचवले. माणूस भला आहे, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पहिला उपाय : “अहो, पासवर्ड असेल ना घरात? द्या त्यांच्या नावाने संमती दाबून, आम्ही काही विचारत नाही.” पासवर्ड घरात आहे. वहिनींनीही तो देऊ केला. पण बंधूंनी आयुष्यात अर्जदाराच्या कोणत्याही कामाला पहिल्या फटक्यात हो म्हटलेले नाही. आधी नाही म्हणायचे, मग वाद, मग चहा, मग त्यातली खरी चूक दाखवायची आणि मग कुठे हो. त्यांच्या होकाराला किंमत होती ती त्यामुळे. तो अर्जदाराने स्वतःच्या बोटाने दाबला तर दादाने हो म्हटल्याची नोंद कायमची राहील, आणि दादाने हो म्हटलेले नसेल. शिवाय ही दुरुस्ती चुकीची असली तर? ती तपासायला दुसरे डोळे हवेत, म्हणून तर हा सगळा खटाटोप आहे. केंद्रातल्या खुर्च्यांवर झोपलेल्या माणसांशी असली चलाखी अर्जदाराच्याने होणार नाही.

दुसरा उपाय : “मग ते मशीन बंद करा. तीन महिने हालचाल दिसली नाही की प्रणाली त्यांना आपोआप निष्क्रिय धरते.” तीन महिन्यांत मेळावाही उरकेल आणि वर्षही पालटेल, ही एक गोष्ट झाली. दुसरी अशी की, अर्जदार खरोखरच ते यंत्र बंद करायला गेली होती. सकाळची वेळ होती. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. खोलीत यंत्राचा पंखा घरघरू लागला आणि वहिनींनी गॅस पेटवला. मग म्हणाल्या, “तो आवाज आला ना, की घरात कुणीतरी उठलंय असं वाटतं. तेवढं राहू दे गं.” अर्जदाराने बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. तो ती पुन्हा पुढे करणार नाही, मग आपली समिती काहीही ठरवो.

७. सबब प्रार्थना अशी की, एखादा माणूस हयात नाही हे ठरवण्यासाठी समितीने त्याच्या यंत्रावर विसंबू नये. त्याच्या बहिणीच्या शब्दावर व सोबतच्या दाखल्यावर विश्वास ठेवावा, आणि अध्यक्षांच्या अधिकारात तशी नोंद घेऊन हा प्रस्ताव दाखल करून घ्यावा. सभागृह छोटे चालेल. वेळ दुपारच्या जेवणानंतरची, सगळे पेंगत असतात ती चालेल. मंचावर अर्जदार आपली दुरुस्ती ओळीओळीने उलगडून दाखवेल आणि त्यात चूक काढणाऱ्या पहिल्या माणसाला देखभालकर्ता होण्याची विनंती करील. गौरव रद्द करावा. तो घ्यायला कोणी येणार नाही.

मुदत आज संपते, म्हणून हा अर्ज अर्जदार स्वतः येऊन खिडकीवर देत आहे व पोच मिळाल्याशिवाय हलणार नाही.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,

(सही)
अर्जदार,
प्रथम आणि तूर्त एकमेव देखभालकर्ती

दिनांक : प्रस्ताव स्वीकारण्याचा अखेरचा दिवस

सोबत : १) मृत्यूचा दाखला, या वेळी वेगळ्या पाकिटात.
२) दुरुस्तीची छापील प्रत, समासात शंका लिहिण्यास जागा सोडून.
३) डायलिसिस केंद्राच्या तंत्रज्ञ बाईंचे पत्र.

ता. क. : निघण्यापूर्वी हा अर्ज वहिनींना वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकून घेतला. मग म्हणाल्या, “सगळीकडे नुसतं बंधू-बंधू लिहिलंयस. लोकांना कसं कळणार? दिवंगत लिही.” हा शब्द त्यांनी आजवर घरात कोणाला उच्चारू दिलेला नाही, आलेल्या पत्रांतूनही त्या तो खोडून टाकत. अर्ज पुन्हा लिहायला आता वेळ उरलेला नाही. तरी वर जेथे जेथे ‘बंधू’ असे आले आहे, तेथे कृपया ‘दिवंगत बंधू’ असे वाचावे.