फाइलीचं शेवटचं पान

शुक्रवार, संध्याकाळ

आज पाचवीच्या मुलांनी आपापल्या फाइली पालकांना दाखवल्या. सगळं इंग्रजीतच सांगायचं, हा शाळेचा नियम. आठवडाभर मीच तयारी करून घेतली.

भूमिकाची आई ऐकताना मान डोलवत होती. शेवटचं पान भूमिकानं न अडखळता वाचलं: मधल्या सुट्टीत माझ्याजवळ कुणी बसत नाही. हे वाक्य मीच तपासलेलं. एक स्पेलिंग सुधारलं होतं, बस्स.

आई तेव्हाही मान डोलवत होती.

मग मला म्हणाली, "बाई, लई फाडफाड बोलती की! काय म्हणाली?"

"अभ्यास छान चाललाय."

असं का सांगितलं मी? मागे रांग होती म्हणून?

भूमिकानं माझ्याकडे पाहिलं. मग तिनंही मान डोलवली.