भेदऱ्यांच्या गाठी

माय, तुझी नात आतल्या खोलीत सकाळपासून कळा सोसते आहे आणि मला बाहेर काढलं आहे. तू तिला पाहिलं नाहीस. तिच्या जन्माच्या कितीतरी आधी तू मानमोडीच्या तापाच्या साथीत गेलीस. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मीच तिला सासरहून इथे गोंदियाला घेऊन आले. दवाखान्यातली नर्सबाई आली आहे. हात स्वच्छ आहेत, जीभ मात्र विळ्यासारखी. मी सारखी दारात जाऊन काय झालं, काय झालं विचारायला लागले तेव्हा म्हणाली, "बाई, तुम्हीच पोरीले भेववून राहिल्या. बाहर बैठो." म्हणून स्वयंपाकघरात बसले आहे. चुलीवर पाणी उकळतं आहे आणि पुढ्यात कागद आहे. हे बाहेर ओसरीवर येरझारा घालताहेत, त्यांच्याशी बोलायची सोय नाही; माझ्याहून जास्त तेच घाबरलेले आहेत. मला भीती वाटते, माय. एवढंच सांगायचं आहे, पण एवढंच लिहून हात थांबत नाही.

खिडकीतून मागच्या परसातली सांदवाडी दिसते आणि तिच्यात मी लावलेली भेदरी. इथे शहरात सगळे टमाटर म्हणतात. काल तपासायला आलेल्या नर्सबाईला म्हटलं, जाताना थोडे भेदरे घेऊन जा, तर हसली. "भेदरे? कोनाले भेदरले ते?" तिला काय सांगू. आपल्या गावात ती झाडं जमिनीवर लोळायची, अर्धी फळं मातीत सडायची. तू एकदा आमगावच्या स्टेशनात मास्तरच्या बागेत दोरीवर चढवलेल्या शेंगा पाहून आलीस आणि तेच भेदऱ्यांना केलंस. दोन बाजूंना दोन मेढी, वर आडवा बांबू, आणि त्यावरून प्रत्येक झाडाला अंबाडीची एक सुतळी खाली सोडलेली. झाड वाढेल तसा त्याला सुतळीभोवती वेढा द्यायचा आणि फळाचा भार आला की फांदीखाली गाठ मारायची. शेजारणी कुडावरून डोकावून म्हणायच्या, "अवो, भेदऱ्याले फाशी देऊन राहिली का?" तू हसायचीस. मला मात्र बजावायचीस, "करंगळी जाईन एवढी जागा सोड. गळा काचला का झाड मरते."

तेव्हा तू पोटुशी होतीस. माझ्या पाठीवर दोन आले आणि दोन्ही गेले होते, त्यामुळे आजी तुला डोळ्यांत तेल घालून जपायची. पुसातल्या अवसेला सूर्यग्रहण लागणार होतं. बाबा रेल्वेच्या कामावर गेलेले. आजी गावच्या बायांसोबत तलावात उभं राहून जप करायला निघाली आणि जाताना मला उंबऱ्यावर बसवून गेली. "मायवर ध्यान ठेव. सुई नाई, विळा नाई, गाठ नाई. पोटुशीनं गाठ मारली का लेकराच्या गळ्याले फास बसते." मी जीव मुठीत धरून बसले. तू अंधाऱ्या खोलीत पाय पसरून बसलेली आहेस, आणि मागे सांदवाडीत कडाडकन काहीतरी मोडतं. आडवा बांबू. घुणानं पोखरला होता आणि त्या साली झाडं नुसती लदबदली होती.

तू पदर खोचलास. मग उठलीस. मी म्हटलं, "माय, नोको." तू म्हणालीस, "कायले भेवून राहिली? सूर्याले काय दुसरे धंदे नाईत का, माह्या भेदऱ्याकडे पाहाले?" ऊन पितळेसारखं पिवळं पडलं होतं. कोंबड्या भर दुपारी खुराड्यात शिरत होत्या. पाखरू बोलत नव्हतं. दुसऱ्या बांबूचं एक टोक तू उचललंस, एक मी, आणि मग तू एकेक झाड उचलून बांधत गेलीस. तुझं पोट मध्ये येत होतं, म्हणून तू तिरकी उभी राहून गाठी मारत होतीस. प्रत्येक गाठ मी मोजत होते. भेदऱ्याच्या पाल्यानं तुझी बोटं हिरवी-काळी झाली, तेव्हा तू एक पिकलेलं भेदरं हातातच चुरलंस आणि त्याच्या रसानं बोटं चोळून स्वच्छ केलीस. तो डाग दुसऱ्या कशानं जात नाही. "आजीले नोको सांगू," म्हणालीस आणि पुन्हा खोलीत जाऊन पाय पसरून बसलीस. आजी ओल्या लुगड्यानं आली तेव्हा तू अगदी गरीब गाय झाली होतीस.

माझी मात्र झोप उडाली. तू भात वाढायचीस आणि मी तुझ्या पोटाकडे बघत राहायचे. आत कुणाचा तरी गळा आवळला जातोय, आणि ते जगात फक्त मला ठाऊक आहे. तुला विचारायला जावं तर तू "काऊन तोंड पाडून बसली?" म्हणून माझीच थट्टा करायचीस. निदान घरात एक माणूस तरी भीत नाही, एवढाच मला आधार होता.

फागुनात तुला कळा सुरू झाल्या. सकाळ गेली, दुपार कलली, मूल येईना. सुईण बाहेर येऊन आजीला म्हणाली, "घरातल्या गाठी सोडा." आजीनं स्वतःचा अंबाडा सोडला, पेटीचं कुलूप काढलं, गाईचं दावं सोडलं, धानाच्या पोत्यांची तोंडं मोकळी केली. सांदवाडी कुणाच्या ध्यानात येणार? मी धावले. सुतळ्या दवानं फुगून घट्ट झाल्या होत्या. नखांनी सुटतील त्या नखांनी सोडल्या, बाकीच्या दातांनी. झाडं एकामागून एक धपकन बसत होती, लाल-हिरवी भेदरी पायाखाली फुटत होती, तोंड कडू जहर झालं होतं. शेवटची गाठ दातात असताना घरातून रडणं ऐकू आलं. आधी बारीक, मग चांगलं खणखणीत.

सुईण हात धुताना म्हणाली, "गळ्याले वेढा होता. पन सैल होता, बोटानं काढला." आजीनं आडवी पडलेली झाडं पाहिली आणि म्हणाली, "बकरी घुसली वाट्टे." दुसऱ्या दिवशी तू मला बाजेजवळ बोलावलंस. माझी बोटं हिरवी होती. "साऱ्या सोडल्या?" मी मान हलवली आणि थप्पड खायला गाल पुढे केला. तू माझी बोटं तुझ्या मुठीत घेतलीस. "बरं केलं, बाई. मीच लय भेदरली होती. त्या दिवसापासून डोळा नाई लागला माहा." मग रडता रडता हसलीस, "भेदरे गेले तं जाऊ दे, भेदरनं तरी गेलं." तुझं गेलं असेल, माय. माझं तेव्हापासून मनात ठाण मांडून बसलं. तूही भीत होतीस हे ऐकल्यावर मला धरायला काही उरलंच नाही.

यंदा ग्रहण नव्हतं. पोरीला मी सांदवाडीत पाऊलही ठेवू दिलं नाही. या साऱ्या गाठी माझ्याच हातच्या आहेत, तू शिकवल्यासारख्या, करंगळीएवढी जागा सोडून. घाबरायचं काहीच कारण नाही. मघाशी नर्सबाई दारात आली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बखत लगेगा," आणि कडी लावून घेतली. तिचा आवाज सकाळसारखा धारदार नव्हता.

हे पत्र कुठे धाडणार? पाणी उतरवलं की चुलीतच जाईल, आणि गेलेलं बरं, कारण कागदभर माझी हिरवी बोटं उमटली आहेत. आत्ताच यांनी ओसरीवरून विचारलं, मागे धपधप काय पडतंय? मी म्हटलं, बकरी असेल. एक गाठ राहिली आहे, माय. नखांनी सुटत नाही. पोर पुन्हा ओरडली. जाते, दात अजून शाबूत आहेत.