पुंजारामकाकांचा हँडसेट

३ फेब्रुवारी
चितेगावात आलो एकदाचा! पैठण रोडला खोली मिळाली, खालीच चहाची टपरी, आणखी काय पाहिजे? नोकरी कोल्ड स्टोरेजमध्ये. वाटाणा आणि मका उणे वीसमध्ये गोठवून ठेवतात. आत जाणाऱ्या प्रत्येकाकडे वायफायवर चालणारा हँडसेट असतो. कुणी अडकलं तर त्यावरून गेटच्या केबिनमध्ये घंटा वाजवायची. जुनं नेटवर्क येईल त्याला आत घ्यायचं, अगदी धर्मशाळा. आता मी नवं बसवणार. मी परवानगी देईन तीच उपकरणं जोडली जातील, आणि पासवर्ड फक्त माझ्याकडे. मालक खूश, मी त्याहून खूश.

७ फेब्रुवारी
नवं नेटवर्क सुरू झालं. सगळ्यांना टचस्क्रीनचे हँडसेट दिले. माल लावणारे पुंजारामकाका तेवढे अडून बसले. त्यांच्या जुन्या, जाड बटणांच्या हँडसेटचं नव्या नेटवर्कशी जमतच नाही. म्हणाले, "सायेब, हातमोजा घालून हे बटन दाबता येतं. तुमच्या काचंला उघडं बोट लागतं. आत बोट उघडं केलं की गेलंच समजा." होईल सवय, म्हटलं. त्यांच्याबरोबर माल लावणाऱ्या चतुराबाईंनी जुना हँडसेट गुपचूप त्यांच्या खिशात सरकवला. आत असताना अधूनमधून दोनदा घंटा द्यायची, अशी दोघांची जुनी पद्धत. दोन घंटा म्हणजे 'हाय मी'.

११ फेब्रुवारी
पुंजारामकाका गेले. जेवणाच्या सुट्टीत एकटेच आत होते. दाराची आतली कडी बर्फानं धरली. नवा हँडसेट खिशात, जुना हातात, अंगठा बटणावर तसाच. माझ्या स्क्रीनवर ओळीनं एकच मजकूर होता: अनोळखी उपकरण, प्रवेश नाकारला. मला भडभडून आलं. मग तो सगळा मजकूर मी पुसून टाकला.

१४ फेब्रुवारी
तो हँडसेट पोलिसांनी नेलाय. तरी आज भर दुपारी केबिनमध्ये दोन घंटा. स्क्रीनवर तोच हँडसेट परवानगी मागत होता. चतुराबाई म्हणाल्या, "घ्या की त्यांना आत. तुमचं काय जातंय?" कसा घेऊ? नोंदीत त्यांचं नाव पुन्हा दिसलं की चौकशी माझ्यावरच येणार. नाकारली.

१५ फेब्रुवारी
पुन्हा दोन घंटा. नाकारली. लगेच एका हमालाचा हँडसेट नेटवर्कबाहेर गेला. पुन्हा घंटा, पुन्हा नकार, आणखी एक बाहेर. मी नाही म्हटलं की एक जातो. फार भीती वाटतेय.

१६ फेब्रुवारी
सकाळी स्क्रीनवर चतुराबाईंचा हँडसेट लाल झाला, म्हणजे नेटवर्कबाहेर, आणि त्या तर आत असणार. धावलो.
आत कुणीच नाही. दार मागे लागलं. कडी दुरुस्त केली म्हणाले होते — हलत नाही —

ओरडलो. भिंती जाड. वही खिशात होती म्हणून लिहितोय. माझाच हँडसेट सांगतोय, अनोळखी उपकरण. परवानगी देणारा मी एकटा, आणि मी इथं —

हातमोजे नाहीत. पेन धरवत नाही.

स्क्रीनवर काहीतरी आलं. पुंजाराम यांचा हँडसेट जोडायचा का? खाली दोन पर्याय, हो आणि नाही.
जोडला तर ते घंटा देतील. देतील ना —

हो वर बोट ठेवलंय. काका, हो म्हणतोय मी — दाबतोय —
बोट गार पडलंय, काचेला कळतच ना